पावसाळ्यांत ट्रॅक्टरची निगा

आषाढांत पेरणी आटोपली म्हणजे पुष्कळांचा ट्रॅक्टर आश्विनापर्यंत गोठ्याच्या कडेस उभा राहतो. ताडपत्री आवळून बांधली कीं काम झालें, ही समजूत चुकीची आहे. पावसाहून अधिक नाश आंत कोंडलेला दमटपणा करितो. डिझेलची टाकी अर्धी रिकामी राहिल्यास रात्रीच्या गारव्यानें आंतील हवेंतल्या वाफेचें पाणी होऊन तळाशीं सांचतें, आणि पुढें पंप व नोझल गंजतात. मग ऐन रब्बीच्या घाईंत यंत्र सुरूच होत नाहीं. यास्तव टाकी कांठोकांठ भरून ठेवावी. वापरलेल्या तेलांत आम्ल असतें, तें आधींच बदलावें. क्लच दाबून लांकडाची खुंटी लावावी, नाहींतर प्लेट गंजून चिकटते. बॅटरीची ऋण तार सोडावी. गोठ्यांत मात्र यंत्र ठेवूं नये. गोमूत्राच्या वाफेनें तांब्याच्या तारा खराब होतात. पत्र्याचें साधें छप्पर पुरे, पण खालून वारा खेळता असावा. धुराड्यावर डबा पालथा घालावा. मध्यंतरीं इंजिन सुरू करणें झाल्यास तें पुरतें तापेपर्यंत चालवावें. पांच मिनिटांत बंद करणें न चालविण्याहून वाईट. आणि तत्पूर्वीं तो डबा आठवणीनें काढावा.