यंत्र जावो, वैमानिक वाचो

सोलापूरहून हैदराबादेकडे जाताना नळदुर्ग मागे टाकले की अणदूर लागते. खंडोबाच्या ठाण्यामुळे हे नाव पुष्कळांच्या परिचयाचे आहे. या गावावरून जाणाऱ्या एका लहान शिकाऊ विमानाचे एंजिन एकाएकी बंद पडले, अशी श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी. खाली शेते, विहिरी, विजेच्या तारा आणि वाहता हमरस्ता, विमानतळ दूर. अशा वेळी वैमानिकाने काय वाचवावे?

एंजिन थांबताच विमान दगडासारखे कोसळते, ही समजूत खरी नव्हे. विमानाला तोलून धरतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो वेग. नाक किंचित खाली ठेवून योग्य तो वेग राखला, तर लहान विमान आपल्या उंचीच्या आठ-नऊ पट अंतर तरंगत जाते. १,००० फूट उंचीवरून सुमारे अडीच किलोमीटर. अवधी मात्र जेमतेम दीड मिनिटाचा.

याच दीड मिनिटात मोह आड येतो. विमान मोलाचे, त्यातून दुसऱ्याच्या मालकीचे. त्यास इजा होऊ नये म्हणून वैमानिक मागे धावपट्टीकडे वळू पाहतो, किंवा थोडे अधिक अंतर कापावे म्हणून नाक वर उचलतो. वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो, आणि मग मात्र विमान खरोखरच कोसळते. यंत्र वाचविण्याच्या खटपटीत यंत्रही जाते आणि माणूसही.

म्हणून शिक्षक प्रथमपासूनच बजावतात की, एंजिन थांबले त्या क्षणी विमान गेलेच असे धरून चालावे. समोरचे त्यातल्या त्यात मोकळे शेत निवडावे, शक्य तर वाऱ्याला तोंड देऊन, ताबा न सोडता, मंद वेगाने जमिनीस टेकावे. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ती चौथाईवर येते. चाके मोडोत, पंख दुमडोत; त्यांच्या मोडण्यातच आघात जिरतो आणि वैमानिकाची बैठक शाबूत राहते. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेले एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात असेच आदळले. विमान मोडले, ते चालविणारी प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर बचावली.

लढाऊ विमानाची गोष्ट निराळी. त्याचा उतरण्याचा वेगच इतका मोठा की शेतात टेकणे म्हणजे मरण ओढवून घेणे. तेथे आसनच वैमानिकाला घेऊन बाहेर उसळते आणि हवाई छत्री उघडते. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात शिरसगावनजीक सुखोई विमान पडून जळाले. त्यातील दोघेही वैमानिक अशाच रीतीने वाचले. विमान सोडण्यापूर्वी ते शक्य तितके वस्तीपासून दूर वळविणे, हे मात्र अशा वैमानिकाचे कर्तव्य होय.

विमान कारखान्यात पुन्हा घडविता येते. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने तयार झालेला वैमानिक तसा घडविता येत नाही. आणि काय बिघडले हे सांगावयासही तोच मागे राहावा लागतो. अणदूरच्या शेतात मोडके विमान पडलेले असावे आणि त्याच्या शेजारी वैमानिक आपल्या पायांवर उभा असावा, यास अपयश म्हणता येणार नाही.