पंचवीस डॉलरांची चिप

संगणकाचा इतिहास सांगावयास बसले की बहुधा सामर्थ्याच्या वाढीचाच पाढा वाचला जातो. अमुक यंत्र तमुक यंत्राच्या इतके पट वेगवान, त्याची स्मृती इतक्या पटींनी मोठी, असा तो हिशेब असतो. आज आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहोत ती या हिशेबात फारशी बसत नाही. १९७५ साली अमेरिकेत विक्रीस आलेला, ६५०२ या क्रमांकाने ओळखला जाणारा मायक्रोप्रोसेसर आपल्या समकालीन भावंडांच्या मानाने काही बाबतींत उणाच होता. तरीही संगणकाला मोठ्या संस्थांच्या दालनांतून काढून सामान्य कुटुंबाच्या टेबलावर आणून ठेवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. हे कसे घडले, आणि त्यातून आपण काय घ्यावयाचे, एवढाच या लेखाचा विषय.

प्रथम मायक्रोप्रोसेसर म्हणजे काय ते पाहू. स्मृतीत साठविलेल्या आज्ञा एकामागून एक वाचणे आणि त्याबरहुकूम बेरीज, वजाबाकी, तुलना व उचल-ठेव करणे, हे संगणकाचे मुख्य काम. ते करणारा भाग पूर्वी अनेक सुट्या तुकड्यांचा बनलेला असे. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ ही चिप विक्रीस आणली आणि हा सारा कारभार सिलिकॉनच्या एका कपच्यावर मावू शकतो हे सिद्ध झाले. परंतु मावणे वेगळे आणि परवडणे वेगळे. १९७४ साली इंटेलच्या ८०८० या चिपेची जाहीर किंमत ३६० डॉलर होती. स्मृती, कळफलक, पडदा यांचा खर्च निराळाच.

त्याच सुमारास मोटोरोला कंपनीने ६८०० नावाचा मायक्रोप्रोसेसर काढला. चक पेडल हे तेथील अभियंते. गिऱ्हाइकांकडे जाऊन नव्या चिपेचे गुण समजावून सांगणे हे त्यांच्या कामांपैकी एक. गिऱ्हाइके सर्व ऐकून घेत, मान डोलवीत आणि शेवटी किंमत ऐकून मागे सरत. तेव्हा याहून पुष्कळ स्वस्त चिप केली पाहिजे, असा आग्रह पेडल यांनी कंपनीत धरला. वरिष्ठांनी तो नाद सोडण्याची लेखी सूचना दिली. १९७४ साली पेडल आणि त्यांचे काही सहकारी नोकरी सोडून पेनसिल्व्हेनियातील मॉस टेक्नॉलॉजी या लहान कंपनीत गेले. ६५०२ चा जन्म तेथे झाला.

चिप स्वस्त व्हावयाची तर काय केले पाहिजे? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच सापडेल. थाळीत वड्या थापल्या आणि त्यांत कोठेकोठे बारीक खडे राहून गेले आहेत अशी कल्पना करा. वड्या मोठ्या कापल्या तर एका खड्यापायी बराच ऐवज टाकावा लागतो. लहान कापल्या तर तेवढ्याच थाळीतून वड्याही अधिक निघतात आणि वाया जाणाऱ्यांचे प्रमाणही घटते. सिलिकॉनच्या चकतीचे तंत्र असेच आहे. चकतीवर दोष राहावयाचेच, म्हणून चिप लहान तितकी ती स्वस्त. मोटोरोलाच्या पहिल्या ६८०० चे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस मिलिमीटर होते. ६५०२ चे साडेसोळाच्या आसपास ठेवण्यात आले.

याकरिता काय काय गाळले? ६८०० मध्ये बेरीज-वजाबाकीसाठी दोन कप्पे होते. ६५०२ ने एकावर भागविले. ६८०० मध्ये स्मृतीतील स्थान दाखविणारा एक सोळा अंशी कप्पा होता. त्याऐवजी आठ अंशी दोन ठेवले. जे बाहेरून जोडता येईल ते बाहेर काढले. सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर आणि अवघ्या ५६ प्रकारच्या आज्ञा, एवढ्यात संसार आटोपला. चिपेचा आराखडा त्या काळच्या रीतीप्रमाणे माणसांनी हाताने आखला होता आणि त्यात बिल मेन्श या तरुण अभियंत्याचा मोठा हात होता.

इतक्या तुटपुंज्या सामग्रीत काम कसे चालत असेल, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्यासाठी पेढीवरील एका कारकुनाचे चित्र डोळ्यांपुढे आणू. त्याच्यापुढे एकच पाटी आहे आणि तिच्यावर ० ते २५५ एवढ्याच संख्या मांडता येतात. कारण आठ अंशी यंत्रात एक संख्या म्हणजे आठ होय-नाहींची रांग, आणि तिची मांडणी २५६ प्रकारेच होते. आता या कारकुनास ३०० आणि ५०० यांची बेरीज सांगितली. पाटीवर यांतली एकही संख्या मावत नाही. मग तो आपण लहानपणी शिकलो तेच करतो. आपण दहा-दहाचे गट पाडतो, तो २५६ चे पाडतो. ३०० म्हणजे एक गट व सुटे ४४. ५०० म्हणजे एक गट व सुटे २४४. सुट्यांची बेरीज २८८, म्हणजे ३२ लिहिले आणि हातचा एक. एक आणि एक दोन आणि हातचा एक, मिळून तीन गट. तीन गट आणि बत्तीस सुटे म्हणजे ८००. हा हातचा विसरू नये म्हणून चिपेत एक स्वतंत्र खूण ठेवलेली असते. पाटी लहान असल्याने हिशेब अडत नाही. फक्त तो दोन हप्त्यांत करावा लागतो.

या कारकुनाच्या मागे भिंतभर फडताळ आहे. त्यात २५६ ओळी, प्रत्येक ओळीत २५६ खण. एकूण ६५,५३६ खण. ही स्मृती. कोणत्याही खणातील चिठ्ठी काढावयाची तर ओळीचा आणि खणाचा असे दोन क्रमांक सांगावे लागतात. येथे रचनाकारांनी फार चांगली युक्ती योजिली. पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या ओळीसाठी ओळ सांगण्याची गरजच ठेवली नाही. नुसता खण सांगितला की पुरे. आज्ञा आखूड झाली, वेळ वाचला आणि ही ओळ हाताशी असलेल्या २५६ जादा कप्प्यांसारखी वापरता येऊ लागली. चिपेत जे गाळले होते त्याची भरपाई बाहेरच्या स्मृतीकडून अशी करून घेतली. पहिल्या ६५०२ ला सेकंदास दहा लाख ठोके पडत आणि एका आज्ञेस दोन ते सात ठोके लागत. म्हणजे सेकंदाला काही लाख आज्ञा. घरातील एका माणसाच्या गरजेला हा वेग पुरून उरणारा होता.

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे वेस्कॉन नावाचे प्रदर्शन भरले. पंचवीस डॉलरांत मायक्रोप्रोसेसर, अशी मॉसची जाहिरात होती. त्या वेळच्या दराने दोनशे रुपयांच्या आसपास! पुष्कळांना ही थाप वाटली. प्रदर्शनाच्या जागेत रोख विक्रीस मनाई होती, म्हणून कंपनीने जवळच्या हॉटेलात खोली घेऊन तेथे दुकान मांडले. गिऱ्हाइकांना माल भरपूर आहे असे दिसावे म्हणून चिपा भरलेली मोठी बरणी ठेवली होती. तिच्या तळाशी निकामी चिपा होत्या आणि चालणाऱ्या तेवढ्या वर होत्या, असे पेडल यांनी पुढे स्वतःच सांगितले. थोड्याच दिवसांत मोटोरोला आणि इंटेल यांनी आपल्या चिपांची किंमत ६९ डॉलरवर आणली. मोटोरोलाने मॉसवर दावाही लावला. ६५०२ ची जोडचिप ६५०१ ही मोटोरोलाच्या खोबणीत नेमकी बसेल अशी केलेली होती. ती मॉसला मागे घ्यावी लागली आणि १९७६ साली दोन लाख डॉलर देऊन तडजोड झाली. ६५०२ मात्र टिकली.

त्या बरणीतून चिप घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझनियाक हा तरुण होता. तिच्यावर त्याने १९७६ साली अ‍ॅपलचा पहिला संगणक उभारला आणि १९७७ साली दुसरा. या दुसऱ्या अ‍ॅपलवर १९७९ साली व्हिसीकॅल्क हा ओळी-स्तंभांत आकडेमोड करणारा कार्यक्रम आला, आणि खेळणे म्हणून पाहिले जाणारे यंत्र दुकानदार व हिशेबनीस विकत घेऊ लागले. इकडे कमोडोर कंपनीने १९७६ साली मॉस विकतच घेतली. तिच्या व्हिक-२० या यंत्राने दहा लाखांच्या विक्रीचा टप्पा ओलांडला. एवढी विक्री होणारा तो पहिला संगणक. १९८२ साली आलेल्या कमोडोर-६४ ची विक्री किमान सव्वा कोटी असावी असे मानले जाते. जपानमध्ये निन्टेन्डोने १९८३ साली टीव्हीला जोडून खेळावयाचे यंत्र काढले, त्यातही ६५०२ चेच एक रूप होते. १९९० च्या दशकात आपल्याकडील मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत 'कॅसेट' खुपसून जे खेळ खेळत, ते पुष्कळसे त्याच यंत्राच्या नकलांवर चालत. नाव माहीत नसताना ही चिप आपल्याही घरांत येऊन गेली ती अशी.

शाळांतही ती आली. ब्रिटनमध्ये बीबीसीने संगणक-साक्षरतेची मोहीम हाती घेतली. तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली ६५०२ वर आधारलेला बीबीसी मायक्रो तयार केला. दूरचित्रवाणीवरून धडे, जोडीला पुस्तके, आणि शाळांना निम्मी किंमत सरकारकडून, अशी ती योजना होती. १९८४-८५ साली भारत सरकारने 'क्लास' नावाची शालेय संगणक-साक्षरता योजना सुरू केली, तेव्हा हाच बीबीसी मायक्रो निवडण्यात आला. हे यंत्र सुरू केले की पडद्यावर दोन-चार ओळी उमटत आणि खाली एक लहानसे चिन्ह वाट पाहत राही. पुढे काय करावयाचे ते बसणाऱ्याने सांगावयाचे. चुकीची आज्ञा दिली तर यंत्र फार तर गोंधळे. बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत. चुकत चुकत शिकण्यासाठी याहून सोशिक सवंगडी मिळणे कठीण.

आणि आम्ही त्याचे काय केले? आमच्या पाहण्यातील एका शाळेत अशी यंत्रे आली. त्यांना निराळी खोली मिळाली, खिडक्यांना पडदे लागले, दाराबाहेर चपला काढण्याचा नियम झाला. किल्ली एकाच शिक्षकांकडे असे. मुलांनी रांगेने आत जावयाचे, हात मागे बांधून पडदा पाहावयाचा आणि बाहेर यावयाचे. बिघडले तर जबाबदार कोण, या धास्तीने यंत्र जपले गेले आणि विद्या तेवढी राहिली. ज्या वस्तूला सर्वांच्या हाती देण्यासाठी काही माणसांनी एकेक ट्रान्झिस्टर मोजून खर्च केला, तिचे आम्ही देवघर केले! यात त्या शिक्षकांचा दोष थोडा. महाग वस्तू जपावी हा आमचा जुना संस्कार, आणि आमच्या हिशेबी ती महागच होती. पण स्वस्ताई कारखान्यात साधली तरी ती शेवटच्या हातापर्यंत पोहोचवावी लागते, ही गोष्ट त्या कुलपाने आम्हांला शिकविली.

या कथेचा एक धागा आजपर्यंत आला आहे. १९८३ साली एकॉर्नचे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे अ‍ॅरिझोनात बिल मेन्श यांच्या कंपनीस भेट देण्यास गेले. तेथे एका साध्या बंगल्यात मोजकी माणसे प्रोसेसर रचीत असलेली त्यांनी पाहिली, आणि हे आपल्यालाही जमेल असा धीर त्यांना आला. एप्रिल १९८५ मध्ये त्यांची पहिली आर्म चिप चालू झाली. आपल्या खिशातील मोबाइलमध्ये आज बहुधा त्याच आर्म वंशाचा प्रोसेसर आहे. ६५०२ च्या मानाने त्याचे सामर्थ्य कल्पनेपलीकडचे. परंतु तो चालू केल्यावर पडदा आपल्या आज्ञेची वाट पाहत बसत नाही. काय पाहावे आणि काय घ्यावे, हे तोच आपल्याला सुचवीत राहतो. बीबीसी मायक्रोपुढे बसलेला मुलगा यंत्राला शिकवीत होता. आज पुष्कळदा यंत्र मुलाला वळण लावते.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली; ६५०२ त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आली. दोहोंचा परस्परांशी संबंध काही नाही. पण मूठभरांपाशी असलेली वस्तू चार माणसांच्या आवाक्यात आणावी, ही ओढ दोहोंकडे सारखीच दिसते. आवाक्यात आलेली वस्तू हातात घेणे हे मात्र ज्याचे त्याने करावयाचे असते. आपल्या घरात, आपल्या शाळेत एखादी खोली आजही कुलूपबंद आहे काय, ते पाहावे आणि असल्यास किल्ली मुलांच्या हाती द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.