ताळेबंदाची भाषा : पापडी नाक्यावरून लंडनपर्यंत

वसई रोड स्थानकातून वसई गावाकडे आणि पुढे किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पापडी हे गाव लागते. तळे, बाजार आणि नाक्यावरची वर्दळ ही त्याची ओळख. येथेच बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्य कार्यालय आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने वसईचे इंग्रजी अमदानीतील नाव अद्याप आपल्या नावात टिकवून ठेवले आहे. १९०४ व १९१२ च्या सहकारी कायद्यांनी देशात पतसंस्थांची वाट मोकळी करून दिली, त्यानंतर अवघ्या काही वर्षांतील ही गोष्ट होय.

सहकारी बँकांचे हिशेबी वर्ष ३१ मार्च रोजी संपते आणि पुढील सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या निमित्ताने सभासदाच्या घरी अहवालाची पुस्तिका येते. लाभांशाचा दर पाहून ती बहुधा कपाटात जाते. पुस्तिकेतील ताळेबंद, नफातोटा पत्रक, परिशिष्टे आणि हिशेब तपासनीसांचा अहवाल या गोष्टी तज्ज्ञांसाठी आहेत अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. वस्तुतः सहकारात ज्याचा एक भाग त्याचेही एक मत आणि ज्याचे शंभर भाग त्याचेही एकच मत. हे मत देण्यासाठी जी माहिती लागते ती त्याच पानांत असते.

ही पाने कोणत्या नियमांनी लिहिली जातात हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. कीर्द आणि खतावणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. परंतु मालक, कर्जदार आणि ठेवीदार परस्परांना अपरिचित झाले, की प्रत्येकाने आपापल्या रीतीने हिशेब लिहून भागत नाही. १९७३ साली लंडन येथे आंतरराष्ट्रीय लेखामानक समिती स्थापन झाली. भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेने १९७७ मध्ये आपले लेखामानक मंडळ नेमले. २००१ पासून लंडनच्या समितीचे कार्य तेथील आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळ पाहते. भारताने ही मानके जशीच्या तशी उचलली नाहीत. ती आपल्या परिस्थितीशी जुळवून, काही ठिकाणी फेरफार करून, केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इंड एएस' या नावाने अधिसूचित केली. ५०० कोटी रुपये व त्याहून अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्यांना ती १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली. पुढच्या वर्षी इतर सूचिबद्ध कंपन्या आणि २५० कोटींवरील असूचिबद्ध कंपन्या त्यांच्या कक्षेत आल्या.

नागरी सहकारी बँकांना मात्र ही मानके लागू नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने तसे स्पष्ट केले असून त्यांचे हिशेब जुन्या भारतीय लेखामानकांनुसार व रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तयार होतात. व्यापारी बँकांना ती लागू व्हावयाची होती, पण २२ मार्च २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने ती पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकली. यातून मोठी गमतीची स्थिती उद्भवते. नाक्यावरच्या एकाच रस्त्यावर सहकारी बँकेची शाखा, सोनेतारण कर्ज देणाऱ्या एखाद्या मोठ्या वित्तीय कंपनीचे कार्यालय आणि सूचिबद्ध कंपनीचे कपड्याचे दुकान शेजारी शेजारी असू शकतात; तिघेही गाळा भाड्यानेच घेतात. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या मानकानुसार कंपनीने नऊ वर्षांचा भाडेकरार केला, तर त्या सर्व वर्षांच्या भाड्याचे आजचे मूल्य तिला ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे लागते आणि गाळा वापरण्याचा हक्क मत्ता म्हणून समोर येतो. शेजारची बँक मात्र अशा साध्या भाड्याचा तेवढा खर्च नफातोटा पत्रकात टाकते. रस्ता एकच, पण आरसे दोन.

खरा मतभेद मात्र कर्जांबाबत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले, की कर्ज अनुत्पादित ठरते. प्रथम त्यावर साधारणपणे १० टक्के तरतूद करावी लागते, पुढे ती वाढत जाते आणि कर्ज बुडीत ठरल्यास शंभर टक्क्यांवर पोहोचते. म्हणजे थकबाकी दिसल्यानंतर हिशेब जागा होतो. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात हे फार उशिरा घडते असे आढळले. २०१४ मध्ये लंडनच्या मंडळाने म्हणून 'अपेक्षित हानी'चे तत्त्व स्वीकारले.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वालीव येथील एका कारखानदाराला १० लाख रुपयांचे कर्ज दिले आहे. अशा शंभर कर्जांपैकी एक वर्षभरात बुडते आणि बुडाल्यास ४० टक्के रक्कम परत येत नाही, असा अनुभव आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी १० लाखांच्या एक टक्क्याचे ४० टक्के, म्हणजे ४,००० रुपये बाजूला ठेवावे लागतात. पुढे त्याच्या प्रमुख ग्राहकाने मागणी घटविली आणि धोका लक्षणीय वाढला, तर हप्ता अद्याप वेळेवर येत असला तरी कर्जाच्या संपूर्ण मुदतीचा विचार होतो. बुडण्याची शक्यता २० टक्के धरली तर तरतूद ८०,००० रुपये होते. सोनेतारण कंपनी या रीतीने हिशेब करते, तर शेजारची बँक ९० दिवसांची वाट पाहते. जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी या तत्त्वावर चर्चापत्र प्रसिद्ध केले होते. या पद्धतीत अंदाजाला फार वाव आहे हा आक्षेप खोटा नाही. लहान बँकेजवळ शक्यता काढण्याइतकी जुनी आकडेवारी असतेच असे नाही.

विद्यार्थ्यांना या मानकांतील शेतीविषयक भाग विशेष रंजक वाटेल. वसईच्या वाडीतील नारळीचे झाड वर्षानुवर्षे फळ देते, म्हणून मानकाच्या दृष्टीने ते यंत्रासारखे. त्यावर घसारा आकारावयाचा. झाडावरचे नारळ मात्र विक्रीचा खर्च वजा जाता बाजारमूल्याने मोजावयाचे. घरगुती वाडीला हे नियम अर्थातच लागू नाहीत, मळे असलेल्या मोठ्या कंपन्यांना आहेत. केळीची बाग कोणत्या रकान्यात बसवावी यावर येथील बागायतदाराला आणि लेखापालाला बराच वेळ बोलता येईल.

मानके कितीही सूक्ष्म असली तरी मूळ नोंदच खोटी असेल तर ती निरुपयोगी ठरतात. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बाबतीत हेच घडले. मार्च २०१९ अखेरीस तिच्या ठेवी ११,६०० कोटींहून अधिक होत्या आणि अनुत्पादित कर्जे चार टक्क्यांहूनही कमी दाखविली होती. प्रत्यक्षात कर्जांचा निम्म्याहून बराच मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड लपविला होता, असे उघडकीस आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला प्रारंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. लग्नासाठी, औषधासाठी, मुलांच्या शुल्कासाठी साठविलेली रक्कम पासबुकात दिसत होती, पण हाती येत नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी परत करण्यासाठी दहा वर्षांपर्यंतचे टप्पे ठरले. ठेवविम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख रुपये झाली.

बनावट खाते सभासदाला पुस्तिकेत दिसणार नाही, हे मान्यच करावे लागेल. तथापि काही गोष्टी दिसतात. ढोबळ आणि निव्वळ अनुत्पादित कर्जांत किती अंतर आहे? तरतूद वाढली की घटली? नफा व्याजातून आला, की रोखे विकून एकदाच मिळाला? निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा कायद्यानुसार राखीव निधीत जातो. त्याउपर किती गेला? संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील कर्जाची रक्कम परिशिष्टात स्वतंत्र छापलेली असते. हिशेब तपासनीसांच्या अहवालात 'खालील बाबींच्या अधीन राहून' असे शब्द असतील, तर त्या 'खालील बाबी' लाभांशाच्या ठरावापूर्वी वाचावयाच्या असतात. गेल्या वर्षीची पुस्तिका कपाटातून काढून शेजारी ठेवली, म्हणजे यांपैकी बहुतेक प्रश्न तासाभरात सुटतात. उरलेले सभेच्या सूचनापत्रातील मुदतीत लेखी विचारता येतात.