फलंदाजीची सापेक्ष सरासरी

फलंदाजीची सापेक्ष सरासरी : क्रिकेटमधील एखाद्या फलंदाजाची धावांची सरासरी त्याच स्पर्धेतील व त्याच हंगामातील सर्व फलंदाजांच्या सरासरीशी ताडून पाहण्याची सांख्यिकीय रीत. खेळपट्टी, मैदानाचा आकार, गोलंदाजीचा दर्जा आणि सामन्याचा कालावधी यांनुसार धावा काढणे सुकर वा दुष्कर होते. म्हणून केवळ सरासरीवरून फलंदाजाची योग्यता ठरविता येत नाही.

फलंदाजाच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागले असता त्याची सरासरी मिळते. स्पर्धेतील सर्व फलंदाजांच्या धावांना ते बाद झाल्याच्या एकूण संख्येने भागल्यास स्पर्धेची सरासरी येते. पहिल्या सरासरीस दुसरीने भागून १०० ने गुणले म्हणजे सापेक्ष निर्देशांक मिळतो. १०० हा निर्देशांक सर्वसाधारण, तर १५० हा त्याच्या दीडपट कामगिरी दर्शवितो. निरनिराळ्या खेळाडूंच्या सरासऱ्यांची सरासरी काढणे मात्र चुकीचे होय. कारण तीत दोन डाव खेळलेल्यास संपूर्ण हंगाम खेळलेल्याइतकेच महत्त्व मिळते.

बेसबॉलमध्ये ही रीत विशेष रूढ आहे. त्या खेळात यशस्वी फटक्यांना फलंदाजीच्या संधींनी भागून सरासरी काढतात. अमेरिकेतील नॅशनल लीगची एकूण सरासरी १९३० मध्ये ०·३०३ होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी ०·२३० इतकी कमी होती व कार्ल यास्त्रझेम्स्की हा ०·३०१ सरासरीने तीत पहिला आला. १९३० च्या लीगमध्ये जी सरासरी सर्वसाधारणाहून किंचित कमी ठरली असती, तिचा १९६८ मधील निर्देशांक सु. १३१ येतो.

महाराष्ट्रातील बोलके उदाहरण १९४८-४९ च्या रणजी करंडक स्पर्धेतील आहे. पुणे येथे मुंबई व महाराष्ट्र यांच्यात झालेल्या उपांत्य सामन्यात ३८ गडी बाद होऊन २,३७६ धावा झाल्या. म्हणजे अवांतर धावांसह दर गड्यामागे सु. ६२·५ धावा. अशा सामन्यातील शंभर धावांचे मोल, दर गड्यामागे २५ धावा होणाऱ्या सामन्यातील चाळीस धावांइतके भरते. त्याच हंगामात पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. असा विक्रम तोलतानाही त्या हंगामाची एकूण धावसंख्या ध्यानी घ्यावी लागते.

खेळाडूंच्या निवडीत या रीतीचा उपयोग होतो. यवतमाळसह विदर्भातील जिल्हे विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात. या संघाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. समजा, यवतमाळच्या एका फलंदाजाची सरासरी ३२ असून त्याच्या स्पर्धेची २० आहे. नागपूरच्या दुसऱ्याची सरासरी ४५ व त्याच्या स्पर्धेची ३६ आहे. निव्वळ आकड्यांवरून दुसरा सरस दिसतो. परंतु निर्देशांक अनुक्रमे १६० व १२५ येतात. अवघड खेळपट्टीवर खेळणाऱ्या ग्रामीण खेळाडूकडे दुर्लक्ष होण्याचा संभव त्यामुळे कमी होतो.

तथापि या रीतीस मर्यादा आहेत. तळाच्या फलंदाजांमुळे स्पर्धेची सरासरी खाली येते. म्हणून आघाडीच्या फलंदाजाची तुलना पहिल्या सहा क्रमांकांच्या फलंदाजांशी करणे श्रेयस्कर. डाव थोडे असल्यास एखाद्या मोठ्या खेळीने निर्देशांक फुगतो. मुख्य म्हणजे, खेळाडू आपल्या बरोबरीच्यांहून किती वरचढ होता एवढेच निर्देशांक सांगतो. ते बरोबरीचे किती निपुण होते, हे सांगत नाही. वरील उदाहरणात यवतमाळच्या स्पर्धेची सरासरी खेळपट्टीमुळे कमी आहे की तेथील फलंदाजच कच्चे आहेत, याचा उलगडा केवळ भागाकाराने होत नाही. त्यासाठी दोन्ही ठिकाणचे खेळाडू एकाच मैदानावर, त्याच गोलंदाजीपुढे खेळवून पाहावे लागतात. निर्देशांकाचे कार्य अशी संधी कोणास द्यावी हे सुचविण्याचे असून निवडीचा अंतिम निर्णय देण्याचे नव्हे.