पेटीतलं विकास पत्र अजून वाढतंय का?

ताईंनो, गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आम्ही आता एक प्रश्न हमखास विचारतो. घरात पोस्टाचा जुना कागद आहे का? आधी सगळ्या नाहीच म्हणतात. मग एखादीला आठवतं, सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत एक किसान विकास पत्र आहे. "पण राहू द्या ते, दामदुप्पट होतंय."

नाही होत, ताई. दुप्पट एकदाच होतं. मुदत संपली की रक्कम तिथंच थांबते. पुढं फार तर दोन वर्षं पोस्टाच्या साध्या बचत खात्याचं व्याज, आणि मग काहीच नाही. कागद पेटीत, पैसा पोस्टात, आणि वाढ शून्य.

हिशोब करून बघा. ऑगस्ट 2006 मध्ये कुणी 10,000 रुपयांचं किसान विकास पत्र घेतलं. तेव्हा मुदत होती 8 वर्षं 7 महिने. मार्च 2015 ला त्याचे 20,000 झाले. पुढची दोन वर्षं 4 टक्क्यांनी 1,600 रुपये. म्हणजे मार्च 2017 ला 21,600, आणि आजही 21,600 च. तेच 20,000 मार्च 2015 मध्ये काढून नवीन पत्र घेतलं असतं, तर तेव्हा 100 महिन्यांत दुप्पट होत होतं. जुलै 2023 ला 40,000 हातात आले असते! आणि ज्या घरात हा कागद पडून आहे, त्याच घरातली बाई पेरणीला गटातून शेकडा दोन रुपयांनी 20,000 उचलते आणि महिन्याला 400 रुपये व्याज भरते.

मग आपला कागद थांबलाय की चालू आहे, हे कसं ओळखायचं? पत्रावर घेतल्याची तारीख आणि पोस्टाचा शिक्का असतो, तो आधी बघा. किसान विकास पत्र 1988 ला सुरू झालं आणि 30 नोव्हेंबर 2011 ला बंद झालं. त्यातलं अगदी शेवटच्या दिवशी घेतलेलं पत्रही जून 2020 ला पिकलं, आणि वरची दोन वर्षं जून 2022 ला संपली. म्हणजे 2011 पर्यंतचा कोणताही कागद असला तरी तो आता थांबलेला आहे, वेगळं विचारायची गरजच नाही. नोव्हेंबर 2014 ला ही योजना पुन्हा आली. त्यानंतर मुदत बदलत गेली, आज ती 115 महिने आहे. म्हणून तुमच्या कागदावर काय लिहिलंय तेच धरा. जुलै 2016 पासून छापील पत्र मिळत नाही, पासबुक मिळतं, त्यामुळे पासबुकंही चाळा.

राष्ट्रीय बचत पत्राची मुदत आधी 6 वर्षं होती, डिसेंबर 2011 पासून 5 वर्षं आहे. आणि आपल्यापैकी पुष्कळ जणींनी घेतलेलं महिला सन्मान बचत पत्र? ते एप्रिल 2023 ते मार्च 2025 या काळात मिळत होतं आणि मुदत दोनच वर्षांची. 7.5 टक्के दर त्या दोन वर्षांपुरताच. स्वतःची तारीख आजच बघून ठेवा.

इंदिरा विकास पत्राची गोष्ट वेगळी. ते 1986 ला आलं, 1999 ला बंद झालं. त्यावर नावच नसायचं, नोटेसारखं ज्याच्या हाती त्याचं. हरवलं तर पैसे मिळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही 2006 ला सांगितलं. मूळ कागद सापडला तर जपून पोस्टात न्या. किसान विकास पत्र किंवा बचत पत्र हरवलं असेल तर घाबरू नका, नाव पोस्टात नोंदलेलं असतं, अर्ज करून दुसरी प्रत मिळते.

मुदत संपून तीन वर्षं झाली तरी खातं बंद केलं नाही, तर पोस्ट ते आता गोठवतं. पैसे बुडत नाहीत, पण सोडवायला खातं बंद करण्याचा अर्ज, मूळ पत्र किंवा पासबुक, आधार, पॅन, मोबाईल नंबर आणि बचत खात्याचं पासबुक द्यावं लागतं. माहेर मुखेडचं आणि सासर उदगीरचं असेल, तर शिक्का कोणत्या पोस्टाचा आहे ते बघून निघा. जिथून घेतलं तिथं काम लवकर होतं.

ज्याच्या नावावर पत्र आहे ते माणूस वारलं असेल, तर वारसदार म्हणून नाव लावलेल्यानं मृत्यूचा दाखला घेऊन जावं. नाव लावलेलं नसेल तरी 5 लाखांपर्यंतच्या रकमेला कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. सहा महिन्यांनंतर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकी वारसांची संमती यावर काम होतं.

आणि एक. "मी काढून आणतो, तुम्ही फक्त मागं सही करा" असं कुणी म्हणालं तर देऊ नका, मग तो एजंट असो की भाचा. मागची सही म्हणजे पैसे मिळाल्याची पावती. ती पोस्टाच्या खिडकीसमोर उभं राहूनच करायची. त्याआधी पत्राच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा आणि एक प्रत गटाच्या सचिव ताईंकडे ठेवा.