पाण्यावरून मोजलेला वारा

अरबी समुद्रात चक्रीवादळ घोंघावत असताना हवामान खात्याच्या पत्रकात ‘ताशी 110 ते 120 किलोमीटर वारे’ असे येते, तेव्हा तो वेग मोजायला तिथे सहसा कुणीच नसते. जहाजे वादळाची वाट टाळतात आणि समुद्रात तरंगणारी मोजणी-बोये मोजकीच असतात. अटलांटिकमध्ये अमेरिका थेट वादळात विमाने धाडते. आपल्याकडे ती सोय नाही. व्हर्नन ड्वोरॅक यांनी 1970च्या दशकात बसवलेल्या पद्धतीने ढगांच्या घडणीवरून वादळाचा जोर आजही ठरवला जातो. पण ढग वर असतात आणि वारा खाली, समुद्रालगत. ढगांच्या आरपार खाली बघते ते उपग्रहावरचे रडार.

अर्थात रडारला वारा दिसत नाही. दिसते ते पाणी.

दुसऱ्या महायुद्धात जहाजे शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर समुद्राच्या लाटांचाच नकोसा प्रतिध्वनी उमटे, आणि वारा वाढला की तोही वाढे. त्याच कटकटीतून पुढे स्कॅटरोमीटर हे उपकरण आकाराला आले. शांत पाण्यावर तिरकी सोडलेली रडारलहर आरशावर मारलेल्या बॅटरीच्या झोतासारखी पुढे निघून जाते. वारा सुटला की पाण्यावर काही सेंटिमीटर लांबीच्या बारीक लाटा उठतात. रडारच्या लहरीही त्याच मापाच्या असल्याने दोन्हींचा मेळ बसतो आणि प्रतिध्वनी उपग्रहाकडे परत येतो. तो जितका जोरकस, तितका वारा जास्त. एकच जागा निरनिराळ्या कोनांतून पाहिली की वाऱ्याची दिशाही कळते. मात्र गणिताची उत्तरे एकाहून अधिक निघतात आणि त्यांतले खरे निवडावे लागते.

1978 मध्ये ‘सीसॅट’ या उपग्रहाने ही युक्ती कक्षेतून चालते हे दाखवले आणि साडेतीन महिन्यांत शॉर्ट सर्किट होऊन तो बंद पडला. 1999 मध्ये गेलेल्या ‘क्विकस्कॅट’ने दहा वर्षे चाकरी केली. नोव्हेंबर 2009 मध्ये त्याचा फिरता अँटेना थांबला, तेव्हा इस्रोचा ‘ओशनसॅट-2’ दोनच महिन्यांपूर्वी कक्षेत पोचला होता. त्याच्या स्कॅटरोमीटरची निरीक्षणे मग अमेरिकी संस्थांनीही वापरली. आपल्याकडे याचे कौतुक तसे कमीच झाले. पुढे 2016 मध्ये ‘स्कॅटसॅट-1’ आणि 2022 मध्ये ‘ईओएस-06’ गेले.

अडचण येते ती नेमकी वादळाच्या गाभ्यात. स्कॅटरोमीटर साधारण 25 किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी देतो. डोळ्याभोवतीचा सर्वांत भीषण पट्टा त्यात विरघळून जातो. मुसळधार पाऊस मोजणी बिघडवतो, विशेषतः कमी लांबीच्या लहरींची. शिवाय वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला की समुद्र फेसाने भरतो आणि प्रतिध्वनी फारसा वाढेनासा होतो.

यावर तोड निघाली ती जास्त बारकाईने टिपणाऱ्या सिंथेटिक अपर्चर रडारमधून. लहर उभ्या ध्रुवणाची, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणारी, सोडायची आणि परतणारी आडव्या ध्रुवणाची टिपायची. फुटणाऱ्या लाटांमुळे मिळणारा हा क्षीण संकेत वाऱ्याबरोबर वाढतच राहतो. सप्टेंबर 2017 मध्ये युरोपच्या ‘सेंटिनेल-1’ने ‘अर्मा’ वादळाच्या गाभ्यात सुमारे एक किलोमीटर इतक्या बारकाव्याने ताशी 250 किलोमीटरच्या पुढचे वारे टिपले, आणि विमानांतून केलेल्या मोजणीशी ते पडताळूनही पाहता आले. पण या रडारचा पट्टा अरुंद आणि नोंदीची वेळ आधी ठरवावी लागते. वादळ काही वेळापत्रक बघून येत नाही.

म्हणून रोजचा आधार अजूनही स्कॅटरोमीटरचाच. कमाल वेगात तो कच्चा असला, तरी वारा किती दूरवर पसरला आहे हे तो चांगले सांगतो, आणि किनाऱ्याला तेच अधिक उपयोगी. मे 2021 मध्ये ‘तौते’चा डोळा जमिनीवर आला तो गुजरातेत, छपरे आणि झाडे मात्र सिंधुदुर्ग-रत्नागिरीतही पडली. तेव्हा पुढच्या वादळाचे पत्रक हाती आले की कमाल वेगाच्या आकड्यावर थांबू नका. वादळी वाऱ्याचा घेर कुठवर दाखवला आहे आणि आपले गाव त्यात येते का, तेही बघा.