पाण्याचा ताळेबंद (लेखांक ६) : नदीत पाणीच नसेल तर?

सांडपाणी सोडण्याच्या संमतीपत्राचा अर्ज उद्योजक कसा भरतो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. आता तो अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलाकडे वळू.

वाळूजच्या एखाद्या कारखान्याचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आला की मुरलेला क्षेत्र अधिकारी आधी पाण्याचा हिशेब लावतो. एमआयडीसीचे किती, बोअरचे किती, टँकरचे किती. त्यातले वाफ होऊन किती गेले, मालात किती गेले आणि उरलेले कुठे जाते? आकडे जुळत नसतील तर कुठेतरी न दाखवलेला पाइप असणार, असा संशय धरून तो आवारात फिरतो.

वेळेचे बंधनही असते. १९७४च्या जल कायद्याच्या कलम २५ प्रमाणे चार महिन्यांत मंडळाने होय-नाही काहीच कळवले नाही, तर संमती मिळाली असे मानले जाते, आणि तीही बिनशर्त! फाइल दाबून ठेवण्याची सरकारी कला इथे थेट अर्जदाराच्या पथ्यावर पडते.

पण संमतीपत्रातल्या अटींची परीक्षा होते ती नमुना घेताना. कोर्टात टिकणारा नमुना हवा असेल तर कलम २१ची नोटीस जागेवरच द्यायची, कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींना सील ठोकायचे, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. ही पद्धत चुकली, तर पाणी कितीही काळेकुट्ट असो, अहवाल पुरावा म्हणून उभा राहत नाही. मग बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळा गाठायची. घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातात, त्याचे माप म्हणजे बीओडी. बाटली वाटेत तापली तर जिवाणू जीपमध्येच कामाला लागतात आणि आकडा खाली येतो. मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये ही हयगय कोणाच्या फायद्याची, हे सांगायला नको. इंग्लंडमध्ये ही चाचणी २० अंशांवर पाच दिवस चालते. आपल्याकडे हवामान पाहून २७ अंशांवर तीन दिवस.

नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला आपल्या सर्वसाधारण मानकांत बीओडीची मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम. अशा मर्यादांचे मूळ इंग्लंडच्या सांडपाणी आयोगात सापडते. १९१२ साली त्या आयोगाने २० मिलिग्रॅमचा आकडा सुचवला, तेव्हा त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : सोडलेल्या पाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असेल.

आता आपली खाम नदी बघा. हर्सूल तलावाकडून निघून पाणचक्कीजवळून, छावणीवरून ती नाथसागर जलाशयाकडे जाते. पावसाळा सरला की तिच्यात स्वतःचे पाणी फारसे नसतेच. वाहते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी. म्हणजे आठपट सोडा, एकपटही नाही. वाळूजला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, महापालिकेचे कांचनवाडीला आहे, आणि महापालिकेलाही कारखान्यासारखीच संमती घ्यावी लागते. प्रत्येकाच्या कागदावर रोजचे घनमीटर आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात. पण या सगळ्यांचे मिळून खामला किती झेपेल, हा प्रश्न एकेक अर्ज तपासताना सुटूनच जातो. माझ्या मते कोरड्या नदीच्या काठी संमती देताना पहिला प्रश्न हाच हवा आणि प्रक्रिया केलेले पाणी पुन्हा वापरण्याची अट सर्वांत वर हवी. शहर पिते ते नाथसागराचेच पाणी.

खामकाठी ज्यांची शेती वा विहीर आहे, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे मंडळावर बंधनकारक आहे आणि त्या सांडपाण्याचा ज्याला त्रास होतो, त्याला कार्यालयीन वेळेत ती पाहता येते. कलम २५(६) सांगा आणि नोंदवही मागा. तक्रार घेऊन थेट कोर्टात जायचे असेल, तर कलम ४९ प्रमाणे मंडळाला आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती कशी लिहायची, ते पुढच्या लेखात.